पाण्यावाचून आग

वसंत ऋतूत अग्नीवर व्याख्यान देणे म्हणजे घामाघूम होऊन आलेल्या पाहुण्याला ऊन ऊन कढी वाढण्यासारखे आहे, हे आम्ही जाणून आहो. परंतु आमच्या जालना जिल्ह्यात आगीचा हंगाम आणि व्याख्यानांचा हंगाम एकच पडतो, त्याला आमचा इलाज नाही. भाव चढेल या आशेने घरात राखून ठेवलेला कापूस फाल्गुन-चैत्रात शेवटी जिनावर येतो. हवेतली ओल उडून गेलेली असते. आणि त्याच सुमारास विहिरी तळ दाखवू लागतात.

जालन्याला ‘सोने का पालना’ म्हणण्याची जुनी चाल आहे. मनमाडपासून गोदावरीच्या खोऱ्यातून सिकंदराबादेकडे जाणारा लोहमार्ग विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर येथून गेला, आणि या कापूसपट्ट्यात जिन व प्रेस यांचा धंदा वाढला. पुढे संकरित बियाण्यांचा व्यापार आला, लोखंड वितळविणाऱ्या विजेच्या भट्ट्या आल्या, १ मे १९८१ रोजी जालना स्वतंत्र जिल्हाही झाला. पाऊस मात्र जुनाच राहिला. चांगल्या वर्षी तो सातशे मिलिमीटरच्या आसपास पडतो, आणि वाईट वर्षी किती पडतो ते न विचारलेले बरे. २०१२-१३ च्या दुष्काळात टँकरमागे घागरी घेऊन धावलेली माणसे या सभेतही असतील. जेथे पिण्याला पाणी नाही तेथे बंबाला कोठून आणावयाचे? म्हणून ‘पाण्यावाचून आग विझविता येईल काय?’ हा प्रश्न इतर ठिकाणी चैनीचा असेल, आमच्याकडे तो गरजेचा आहे. रसायनशास्त्रज्ञ या प्रश्नाला शंभरांहून अधिक वर्षे उत्तरे देत आले आहेत. ती उत्तरे कोणती, आणि प्रत्येक उत्तराचे बिल शेवटी कोणाच्या नावावर फाडले गेले, हे आज सांगावयाचे आहे. त्यांतले एक बिल आमच्या डोळ्यांदेखत फाटले. किंबहुना त्यावर आमचीही सही होती. ती हकीकत आधी सांगतो.

१९८९ सालच्या मार्च महिन्यातली गोष्ट. जालन्याच्या परिसरातील एका जिनाच्या आवारात, नाव सांगण्याचे प्रयोजन नाही, मुंबईहून एक विक्रेते आले होते. त्यांच्यापाशी पाच किलो वायू भरलेले एक नळकांडे होते. आम्ही त्या वेळी शाळेत रसायनशास्त्र शिकवीत असू आणि शेठजींचे चिरंजीव आमचे विद्यार्थी होते. ‘सर, तुम्हीही या, काय आहे ते आम्हांला समजावून सांगा,’ असा शेठजींचा निरोप आला आणि आम्ही मोठ्या ऐटीत गेलो. आवाराच्या एका कोपऱ्यात झाडलोटीच्या रुईचा कमरेएवढा ढीग केला होता. त्याला काडी लावली. रुई कशी पेटते ते ज्यांनी पाहिले असेल त्यांना सांगावयास नको; ज्वाला ढिगावरून चालत नाही, धावते. विक्रेत्यांनी नळकांड्याची चाप दाबली, फुस्स असा आवाज झाला, आणि सहा-सात सेकंदांत ज्वाला नाहीशी झाली. पाण्याचा थेंब नाही, चिखल नाही, रुई भिजली नाही. मंडळींनी टाळ्या वाजविल्या. आम्हीही वाजविल्या, आणि मग पाच-दहा मिनिटे त्या वायूच्या गुणांवर बोललो.

चहासाठी सगळे वळले तेव्हा एक म्हातारा हमाल ढिगावर तळहात धरून उभा होता. तो म्हणाला, ‘सर, इझली न्हाई. आतून गरम लागायलीय.’ आम्ही हसून उत्तर दिले, ‘अहो मामा, हा वायू आहे. पाण्यासारखा वरून ओघळून जात नाही, सगळीकडे शिरतो.’ मामांनी हात काढून घेतला आणि ते आपल्या कामाला गेले.

त्या रात्री काय झाले ते पुढे येईल. आधी ज्वाला विझली कशी, हे पाहू. कारण ती खरोखरच विझली होती. विक्रेते लबाड नव्हते आणि नळकांड्यात जादूही नव्हती.

लाकूड जळते, कापूस जळतो, तेल जळते असे आपण म्हणतो. वस्तुतः ज्वाळेत यांपैकी काहीच जळत नाही. उष्णतेमुळे या पदार्थांतून वायू सुटतात, आणि ज्वाळेत जळतो तो वायू. मेणबत्ती फुंकून विझवा आणि वातीतून निघणाऱ्या पांढऱ्या धुराला वरच्या वर काडी लावा. ज्वाला धुरावरून उडी मारून वातीवर परत येते. हा प्रयोग आज घरी जाऊन करून पाहण्यास हरकत नाही, फक्त पडद्यापासून दूर.

आता या जळणाऱ्या वायूच्या पोटात शिरू. तेथे काही अत्यंत अल्पायुषी आणि अत्यंत चळवळे कण असतात: हायड्रोजनचा सुटा अणू, ऑक्सिजनचा सुटा अणू, आणि हायड्रोजन-ऑक्सिजनची अर्धवट जोडी, जिला हायड्रॉक्सिल म्हणतात. हायड्रोजनचा एक सुटा अणू ऑक्सिजनच्या रेणूवर आदळला की एका चळवळ्या कणाचे दोन होतात; ते दोघे इंधनाच्या रेणूंवर आदळून आणखी निर्माण करतात. बाजारात अफवा पसरते ती अशीच. एक जण दोघांना सांगतो, दोघे चौघांना, आणि घटकेत सगळा गाव पेठेत जमतो. ज्वाला म्हणजे रेणूंच्या पेठेतली अफवा आहे. ती थांबविण्याचे दोन मार्ग: सगळी पेठच बंद करावयाची, म्हणजे हवा तोडावयाची किंवा उष्णता काढून घ्यावयाची, नाहीतर अफवा सांगणाऱ्यांनाच गाठावयाचे.

हे दुसरे काम ब्रोमीनचा अणू करतो. नळकांड्यातला वायू ज्वाळेत तापला की त्याच्या रेणूतून ब्रोमीनचा अणू सुटतो. तो कोठून तरी एक हायड्रोजन उचलून हायड्रोजन ब्रोमाइड बनतो. हे हायड्रोजन ब्रोमाइड त्या चळवळ्या हायड्रोजन अणूला भेटले की आपला हायड्रोजन त्याच्या हाती देते. दोघा हायड्रोजनांची जोडी जमते आणि ते शांत होतात. हायड्रॉक्सिलला भेटले तर त्याचे पाणी होते. दोन्ही वेळा ब्रोमीन मात्र पुन्हा मोकळा होतो आणि पुढच्याला गाठावयास निघतो. स्वतः खर्च न होता तो शेकडो अफवा मोडतो. म्हणूनच तो थोडा पुरतो. कार्बन डायऑक्साइडने एखादी खोली सुरक्षित करावयाची तर हवेत त्याचे प्रमाण सुमारे ३४ टक्के करावे लागते, आणि माणूस दहा टक्क्यांतच बेशुद्ध पडू लागतो. ब्रोमीनयुक्त हॅलॉन १३०१ हा वायू पाच टक्क्यांत तेच काम करतो. शंभर घनमीटरच्या खोलीला तो तेहतीस किलो पुरे, आणि आतला माणूस शुद्धीवर राहून दार उघडून बाहेर येऊ शकतो. खरोखर हे रसायन म्हणजे एक नवल होते, हे मान्य केलेच पाहिजे.

हे नवल एका दिवसात जन्मले नाही. फ्ल्युओरीन, क्लोरीन, ब्रोमीन, आयोडीन या भावंडांना हॅलोजन म्हणतात. शब्दाचा अर्थ मीठ उत्पन्न करणारी. खाण्याचे मीठ हे क्लोरीनचेच अपत्य. ब्रोमीनही समुद्रानेच दिला. १८२६ साली फ्रान्समध्ये मोंपेलिए येथे बालार या तेवीस वर्षांच्या तरुणाने मिठागरातले मीठ काढून घेतल्यावर उरलेल्या कडवट पाण्यातून हे तांबडे, उग्र दर्पाचे द्रव्य वेगळे केले. दुर्गंधीवाचक ग्रीक शब्दावरूनच त्याचे नाव पडले. समुद्रमंथनाच्या कथेत अमृत आणि हलाहल एकाच घुसळणीतून निघतात. ब्रोमीनच्या वाट्याला दोन्ही भूमिका आल्या, फक्त त्या एकामागून एक आल्या.

पण सुरुवात क्लोरीनने झाली. कार्बनच्या एका अणूला क्लोरीनचे चार अणू जोडले की कार्बन टेट्राक्लोराइड होते. फ्रेंच रसायनज्ञ रेन्यो याने ते १८३९ साली तयार केले आणि सत्तर वर्षे त्याचा आगीशी कोणी संबंध जोडला नाही. १९१० नंतर अमेरिकेतील पायरीन कंपनीने ते एका पितळी पिचकारीत भरून विकावयास काढले. मोटारगाडी नुकतीच आली होती, पेट्रोलच्या आगीवर पाणी ओतले तर पेट्रोल पाण्यावर तरंगून आग पसरते, आणि विजेच्या तारांवर पाणी घालणे म्हणजे मरणाला बोलावणे. या द्रवाची वाफ हवेच्या पाचपट जड, विजेला न जुमानणारी, मागे डाग न ठेवणारी. घरोघरी भिंतीवर लटकविण्यासाठी याच द्रवाचे काचेचे गोळेही निघाले. आग लागली की गोळा फेकावयाचा.

ती पिचकारी आम्ही लहानपणी पाहिली आहे. एका जुन्या मोटारखान्यात ती भिंतीला टांगलेली असे आणि तेथला ड्रायव्हर तिच्यातला द्रव फडक्यावर घेऊन आपल्या कोटावरचे तेलाचे डाग काढीत असे. गोडसर वास येई. तो वास आम्हांला आवडे म्हणून आम्ही जवळ जाऊन उभे राहत असू. आज ते आठवले की अंगावर काटा येतो. हे द्रव्य यकृत आणि मूत्रपिंड नासविते. मद्यपान करणाऱ्याला तर ते दुपटीने बाधते. आणि ते वापरावयाचे कोठे? तापलेल्या लोखंडावर, बंद जागेत. तेथे त्याचा हवेशी संयोग होऊन काही अंश फॉस्जीन बनतो. पहिल्या महायुद्धात खंदकांतल्या सैनिकांवर सोडला गेला तोच हा विषारी वायू. कुजक्या गवताचा वास, आणि परिणाम काही तासांनंतर, फुप्फुसांत पाणी भरून. म्हणजे आग विझवून माणूस समाधानाने घरी जाई आणि रात्री त्याचा श्वास कोंडे. आगीत न मेलेला माणूस औषधाने मरे. जालन्याच्या भट्ट्यांत लालबुंद लोखंडाजवळ काम करणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. कोठे अडगळीत जुनी पितळी पिचकारी सापडलीच, तर ती शोभेची म्हणूनसुद्धा उघडू नये.

दुसरी पिढी मेथिल ब्रोमाइडची. विमाने आली तेव्हा हलके आणि जलद औषध हवे झाले. १९२० नंतर ब्रिटिश आणि जर्मन विमानांत व जहाजांत मेथिल ब्रोमाइड वापरात आले. आग विझविण्यात ते कार्बन टेट्राक्लोराइडच्या वरचढ, पण त्याला वास जवळजवळ नाही आणि ते मज्जासंस्थेवर घाला घालते. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर जर्मनांनी त्याच्या जागी क्लोरोब्रोमोमिथेन आणले. ते थोडे कमी घातक. पुढे मेथिल ब्रोमाइडने आपला धंदा बदलला आणि ते धान्याच्या कोठारांतली कीड मारण्याच्या कामाला लागले. जे कीड मारते ते एके काळी वैमानिकाच्या पायापाशी सांभाळून ठेवलेले असे, हे ऐकून आपल्याला नवल वाटते. परंतु जळत्या विमानातल्या माणसाचा हिशेब वेगळा असतो. त्याला पुढचे वर्ष दिसत नाही, पुढचे मिनिट दिसते.

युद्ध संपल्यावर अमेरिकन सैन्याने पर्ड्यू विद्यापीठाच्या संशोधन संस्थेकडे काम सोपविले: माणसाला न मारता आग मारील असे द्रव्य शोधा. १९४७ नंतरच्या काही वर्षांत तेथे साठांहून अधिक संयुगे तपासली गेली. गुरुकिल्ली फ्ल्युओरीनमध्ये सापडली. कार्बन-फ्ल्युओरीन हा बंध अतिशय चिवट; तो रेणूला स्थिर ठेवतो, शरीरात गेल्यावर सहजासहजी मोडू देत नाही. ब्रोमीन ही तलवार आणि फ्ल्युओरीन हे म्यान, असे म्हटले तरी चालेल. ज्वाळेत गेल्याखेरीज तलवार बाहेर येत नाही. या संयुगांना हॅलॉन हे नाव आणि क्रमांक मिळाले. क्रमांकाची युक्ती सोपी आहे: पहिला आकडा कार्बनचे अणू, दुसरा फ्ल्युओरीनचे, तिसरा क्लोरीनचे, चौथा ब्रोमीनचे. हॅलॉन १३०१ म्हणजे एक कार्बन, तीन फ्ल्युओरीन, क्लोरीन शून्य, ब्रोमीन एक. हॅलॉन १२११ म्हणजे एक, दोन, एक, एक. त्या जिनात फुसफुसला तो हा १२११.

१३०१ हा खोली भरून टाकण्यासाठी, १२११ हा हाताने मारा करण्यासाठी, अशी वाटणी पडली. संगणकाच्या खोल्या, विमानांची इंजिने, रणगाडे, टेलिफोनची केंद्रे, संग्रहालये, सगळीकडे ही नळकांडी बसली. ही माणसाला सोसत होती, यंत्राला सोसत होती, साठवणीत वर्षानुवर्षे टिकत होती. त्यांचा टिकाऊपणा हाच त्यांचा सर्वांत मोठा गुण समजला गेला.

आणि तोच नडला. जे खोलीत मोडत नाही ते आकाशातही मोडत नाही. १९७४ साली मारिओ मोलिना आणि शेरवुड रोलंड यांनी दाखवून दिले की शीतयंत्रांत वापरले जाणारे क्लोरीन-फ्ल्युओरीनचे वायू खालच्या हवेत नष्ट न होता हळूहळू वर चढतात, ओझोनच्या थरापर्यंत पोहोचतात आणि तेथे सूर्याच्या अतिनील किरणांनी फुटून क्लोरीन मोकळा करतात. तो क्लोरीन ओझोनचा नाश करतो, स्वतः खर्च न होता. श्रोत्यांना हे वाक्य ओळखीचे वाटले असेल. ज्वाळेत ब्रोमीन जे करतो तेच हे. आणि ब्रोमीनचे हात या कामात क्लोरीनहून कितीतरी चलाख आहेत. अणूला अणू तोलला तर सुमारे साठपट. जो गुण खोलीत अमृत ठरला, तोच वीस-पंचवीस किलोमीटर वर हलाहल झाला. रसायनाने आपला स्वभाव बदलला नव्हता, फक्त मुक्काम बदलला होता. हॅलॉन १३०१ चा एक रेणू वातावरणात सरासरी पासष्ट वर्षे राहतो.

ओझोन ही काही परदेशातली बाब नव्हे. १९६० नंतरच्या दशकात पुण्याच्या वेधशाळेत अ‍ॅना मणी यांच्या नेतृत्वाखाली फुग्याला बांधून वर सोडण्याचे भारतीय बनावटीचे ओझोनमापक तयार झाले, आणि पुढे दक्षिण ध्रुवखंडावरील आपल्या तळावरूनही तसे फुगे उडाले. १९८५ साली ब्रिटिश संशोधकांनी त्या खंडावरच्या ओझोनला वसंतात पडणारे भगदाड जाहीर केले. तेथला वसंत सप्टेंबर-ऑक्टोबरात असतो, एवढाच फरक. १६ सप्टेंबर १९८७ रोजी माँट्रियल येथे करार झाला. कागदावर तोलाचे माप ठरले: नेहमीच्या शीतवायूची मारकशक्ती एक धरली तर हॅलॉन १२११ ची तीन आणि १३०१ ची दहा. सधन देशांनी १९९४ च्या आरंभी हॅलॉनचे उत्पादन थांबविले. भारताचे म्हणणे असे होते की घाण ज्यांनी केली त्यांनी झाडण्याचा खर्च सोसावा. आमच्या मते ते रास्त होते. १९९० साली लंडनच्या बैठकीत त्यासाठी निधी मान्य झाला, १९९२ साली भारत करारात आला, २००० साली नियम झाले, आणि १ जानेवारी २०१० पासून हॅलॉन व कार्बन टेट्राक्लोराइड यांचा वापर, थोडे अपवाद सोडता, आपल्याकडे बंद झाला. जुने हॅलॉन गोळा करून, शुद्ध करून, अगदी अडलेल्या कामासाठी पुरविणारी एक पेढी दिल्लीला संरक्षण संशोधन विभागाच्या केंद्रात उघडली गेली. विमानांचे अजूनही त्यावाचून पुरते भागलेले नाही. आपण विमानात बसतो तेव्हा बहुधा इंजिनाशेजारी आणि सामानाच्या कोठीत जुने हॅलॉन आपल्या सोबत असते.

त्याच्या जागी आलेल्या वायूंविषयी फार सांगत नाही. ब्रोमीन काढून टाकले, तेव्हा ओझोन सुटला. पण अफवा पकडणारा शिपाईच गेल्यामुळे हे नवे वायू मुख्यत्वे उष्णता शोषूनच आग विझवितात आणि जास्त लागतात. त्यांतला बहुतेक कचेऱ्यांतून दिसणारा एक वायू वजनास वजन घेतला तर कार्बन डायऑक्साइडच्या तीन हजारांहून अधिक पट पृथ्वी तापवितो. म्हणून २०१६ साली किगाली येथे त्याच्या जातीवरही कपात ठरली आणि २०२१ मध्ये भारताने ती मान्य केली. त्यानंतर आले एक द्रवरूप फ्ल्युओरीन संयुग, जे हवेत आठवडाभरात मोडते. आता शंका निघाली आहे ती त्याच्या मोडलेल्या तुकड्यांविषयी, आणि ते प्रथम बाजारात आणणाऱ्या कंपनीने २०२२ साली या साऱ्या कुळाचेच उत्पादन सोडण्याचे जाहीर केले. भट्टीच्या नियंत्रणकक्षात, विजेच्या पेटीपाशी, जेथे पाणी चालतच नाही, तेथे यांपैकी काहीतरी किंवा साधा कार्बन डायऑक्साइड ठेवावाच लागतो. त्याला आमची ना नाही.

आमची ना आहे ती कापसाच्या बाबतीत. आणि आता आपण त्या रात्रीकडे वळू.

रुईचा ढीग जळतो तेव्हा तेथे दोन आगी असतात. एक वरची, ज्वाळेची. दुसरी आतली, निखाऱ्याची. ज्वाला वायूची असते हे आपण पाहिले. निखाऱ्यात वायू जळत नाही. तंतूचा कोळसा झालेला असतो आणि हवेतला ऑक्सिजन थेट त्या कोळशाच्या पृष्ठभागाला जाऊन भिडतो. तेथे ते चळवळे कण नाहीत, अफवा नाही, पेठ नाही. भांडण घराच्या आत चालले आहे आणि शिपाई चौकात उभा आहे. ब्रोमीनला तेथे करण्यासारखे काही नसते. पाच टक्के वायूने वरची ज्वाला मरते, वायू वाऱ्याने निघून जातो, आणि आतला निखारा तंतूंच्या पोकळीत अडकलेल्या हवेवर सावकाश जगत राहतो. दाबलेल्या गाठीच्या पोटात तर तो कित्येक दिवस राहू शकतो. गाठ बाहेरून थंड, शुभ्र, आणि आत वैरी.

१४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ जहाजाचा स्फोट झाला, त्यात दारूगोळ्याबरोबर कराचीहून भरलेल्या कापसाच्या गाठी होत्या आणि आग प्रथम त्या कोठीतच लागली होती. बंबवाल्यांनी शेकडो टन पाणी आत सोडले. आग नेमकी कोठे आहे हेच सापडेना. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला, आणि पेटत्या गाठी उडून शहरावर पडल्या. अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. दर वर्षी १४ एप्रिलला देशभर अग्निशमन सेवा दिन पाळतात तो त्यांच्या स्मरणार्थ.

कापसाच्या निखाऱ्याला पाणीच हवे, कारण त्याची उष्णता काढून घेतल्यावाचून तो मरत नाही. त्यातही एक मेख आहे. कच्च्या कापसाच्या तंतूवर निसर्गाने मेणाचा पातळ लेप दिलेला असतो. वरून ओतलेले पाणी ढिगावरून घरंगळून जाते. जिनातली जुनी माणसे पाण्यात साबण कालवितात ते यासाठी. हे त्यांना कोणी पुस्तकातून शिकविले नव्हते. ढीग फोडावयाचा, रुई पसरावयाची, भिजवावयाची, उलटावयाची, पुन्हा भिजवावयाची, आणि तळहात धरून पाहावयाचे.

तळहात. म्हाताऱ्या मामांनी केले ते हेच. त्यांना थांबविले ते आम्ही.

रात्री अकराच्या सुमारास वारा सुटला. कोपऱ्यातल्या त्या ढिगाने पुन्हा पेट घेतला आणि जळते पुंजके उडून आवारात लागलेल्या कापसाच्या गंजीवर गेले. ती गंजी अंबडकडच्या तिघा शेतकऱ्यांची होती. संध्याकाळी उशीर झाला म्हणून तिचे वजन दुसऱ्या दिवशी व्हावयाचे होते. आवारातल्या विहिरीत गुडघाभर पाणी. गावातला बंब आला तो एकदा रिकामा होऊन परत भरावयास गेला. हमालांनी आकड्यांनी गंजी फोडली, शेजारच्या वस्तीतून घागरी आल्या, कोणाच्या घरची धुण्याच्या साबणाची वडी आली. पहाटे चारला निखारा विझला तेव्हा निम्म्याहून अधिक कापूस गेला होता आणि उरलेला भिजून काळवंडला होता. शेठजींच्या मालाचा विमा होता. न तोललेल्या मालाचा नव्हता. काटापट्टी झाली नव्हती, म्हणजे कागदोपत्री तो कापूस तेथे नव्हताच. बरीच बोलाचाली होऊन शेठजींनी अंदाजे निम्मी रक्कम दिली. वर्षभराचा कापूस असा हिशेबात बसला. त्या तिघांपैकी एकाने आम्हांला विचारले, ‘सर, तुम्ही होतात ना दुपारी?’ आम्ही होय म्हणालो. त्याने पुढे काही विचारले नाही.

पुढे कधीतरी आम्ही कागदावर एक गणित मांडले. हॅलॉन १२११ चे वातावरणातले सरासरी आयुष्य सोळा वर्षे. १९८९ च्या त्या दुपारी सोडलेल्या पाच किलोंपैकी सुमारे अर्धा किलो अजून हवेत आहे. करार होऊन तेव्हा दीड वर्ष झाले होते, पण ती बातमी आम्ही वर्तमानपत्रात वाचून विसरलो होतो.

मामा आता नाहीत. तो जिन चालू आहे. शेठजींचे चिरंजीव, आमचे विद्यार्थी, तो चालवितात. विजेच्या खोलीत कार्बन डायऑक्साइडची दोन नळकांडी आहेत. आवारात दर वीस पावलांवर तांबड्या बादल्या टांगल्या आहेत, गोल बुडाच्या, कोणी घरी नेऊन वापरू नये म्हणून तशा केलेल्या. एका उंच चौथऱ्यावर पाण्याची टाकी बांधली आहे आणि तिच्या शेजारी कपाटात साबणाचा द्राव असतो. एप्रिलमध्ये, गावाला आठ दिवसांआड पाणी येत असते तेव्हा, टाकी भरलेली आहे की नाही हे पाहावयाला ते स्वतः शिडीने वर चढतात.